अण्णांची बस रस्त्यात बंद पडते

नवा कॉम्प्युटर पहिल्यांदा थिजला, तेव्हा बस प्रवाशांनी खच्चून भरलेली होती, घाटाचं पहिलं वळण मागे पडलं होतं आणि समोर एक बाई कुत्र्याला घेऊन रस्ता ओलांडत होती. बाईचा एक पाय हवेत होता, कुत्र्याचे दोन. ते सगळे पाय तसेच हवेत राहिले. थोड्या वेळाने पडदा काळा झाला आणि बाई, कुत्रा, घाट आणि प्रवासी एकदमच नाहीसे झाले.

अण्णांनी स्टिअरिंगवरचे हात काढले, चष्मा कपाळावर चढवला आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलाकडे न बघता हात पसरला.

"किल्ली."

"अण्णा, पहिलाच दिवस आहे. मशीन अजून रुळायचंय."

"माणसं बसवल्यावर रुळायचं नसतं. रुळून झाल्यावर माणसं बसवायची असतात."

हा मुलगा म्हणजे शाळेत गणित शिकवणारे सर. त्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने आठवीचा वर्ग गप्प होतो. घरात मात्र ते अजून छोटू आहेत. दाराच्या चौकटीला कपाळ लागू नये म्हणून त्यांना वाकून आत यावं लागतं, तरीही छोटूच.

किल्ली होती घरच्या जुन्या चारचाकीची, आणि सगळं रामायण तिच्यावरूनच होतं. अण्णांनी उभी हयात प्रवासी बस चालवली आणि निवृत्त होईपर्यंत तिला ओरखडा येऊ दिला नाही. मग साखरेने पाय धरले. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले, तळव्यावरून काडी फिरवली आणि कुठे जाणवतं ते सांगा म्हणाले. अण्णा बराच वेळ शांत बसून राहिले. मग त्यांनी विचारलं, "सुरू कधी करताय?" डॉक्टरांनी काडी खाली ठेवली आणि गाडी चालवायला बंदी केली. अण्णांच्या मते असले निर्णय डेपो मॅनेजर घेतो, डॉक्टर नाही. गेल्या महिन्यात त्यांनी गाडी बाहेर काढली, तेव्हा फाटकाचा खांब वाकला. खांब मुळातच वाकडा होता, असं अण्णांचं म्हणणं पडलं. खांबाची बाजू सोसायटीच्या सेक्रेटरींनी मांडली.

समजावून झालं, रागावून झालं, किल्ली लपवूनही झाली. लपवलेली किल्ली अण्णांना त्यांच्या चष्म्याच्या आधी सापडे. तेव्हा सरांना एका दुकानाच्या काचेत ती गोष्ट दिसली. खरं स्टिअरिंग, खरी पेडलं आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर धावणारी बस. अण्णांना पायांत वहाणा न घालता, घरच्या घरी, कुणाच्याही जिवाला धोका न पोचवता घाट चढता येईल! सरांचे डोळे पाणावले. दुकानदाराला वाटलं, किंमत वाचून.

तह झाला तो असा. अण्णांनी रविवारच्या आत नव्या मशीनवर एक पूर्ण फेरी करायची. सुरुवातीच्या स्टँडपासून शेवटच्या स्टँडपर्यंत. बस मध्ये बंद पडली नाही, तर गाडीची किल्ली कायमची छोटूच्या ताब्यात. बंद पडली, तर येत्या रविवारी जुन्या डेपोतल्या निवृत्त चालकांच्या मेळाव्याला अण्णा स्वतः गाडी चालवत जाणार. डेपो घाटापलीकडे होता. खरा घाट, खरी दरी. तोवर किल्ली त्रयस्थ म्हणून आईकडे राहील. आईने ती कमरेला खोचली आणि सांगितलं, "माझ्याशी दोघांपैकी कुणीही गोड बोलायचं नाही."

आता तयार कॉम्प्युटर विकत घेतला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण शिकलेल्या माणसाच्या आयुष्यात एक घातक क्षण येतो, तो म्हणजे 'त्यात काय, हे आपणही करू शकतो' असं वाटण्याचा. सरांनी एका तरुणाचा व्हिडिओ पाहिला. तो हसत हसत, गप्पा मारत, मध्येच कॉफी पीत आख्खा कॉम्प्युटर जोडत होता. सरांनी सुटे भाग मागवले आणि सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मांडले. घरातल्यांनी ताटं मांडीवर घेऊन जेवायला सुरुवात केली. मदरबोर्ड बसला. प्रोसेसर बसवताना सरांनी श्वास रोखला, आणि त्यांच्याबरोबर उगाचच सगळ्या घराने रोखला. रॅमच्या पट्ट्या बसताना 'कट' असा आवाज होतो, हे व्हिडिओत सांगितलं होतं. तो झाला तेव्हा सरांनी दोन्ही हात वर केले. बायको हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचं काम करते. तिने 'कट' आवाज आल्यावर आनंदित होणारा माणूस प्रथमच पाहिला.

"अहो, नीट बसलंय ना सगळं?"

"अगं, गणित आहे हे. एकदा मांडणी बरोबर झाली की उत्तर चुकतच नाही."

मांडणी अशी झाली. सरांच्या अभ्यासाच्या टेबलावर पडदा आणि स्टिअरिंग. टेबलाखाली कॅबिनेट, ज्याचे पंखे निळ्या-जांभळ्या रंगांत उजळत. (ते दिवे आईला इतके आवडले, की तिने त्या कोपऱ्यात बसूनच भाजी निवडायला सुरुवात केली.) पेडलांची चौकट मात्र गुळगुळीत फरशीवर घसरायची. कॅबिनेट जड, पेडलं हलकी. सरांनी पेडलांच्या मागे कॅबिनेट टेकवून दिलं आणि एका दगडात दोन पक्षी मारल्याचं समाधान मिळवलं.

राहिला प्रश्न अण्णांचा. ते पहिल्या दिवशी बसले, आरसे बघितले, सीट मागेपुढे केली आणि तसेच बसून राहिले.

"अण्णा, निघा ना."

"बेल कुठे झाली?"

दुहेरी बेल झाल्याशिवाय अण्णांनी आयुष्यात बस हलवली नव्हती. गेममध्ये कंडक्टर नव्हता. सरांनी समजावलं, की इथे बेलशिवायही गाडी निघते. अण्णा म्हणाले, "निघते म्हणून काढायची का?" शेवटी आईने भाजी बाजूला ठेवली, पेल्यावर चमचा वाजवला, टिंग टिंग, आणि बस सुटली. आईचा संसार बसच्या वेळापत्रकावर झाला, पण अण्णांच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी बसून जायचा योग तिला कधी आला नव्हता. आता ती रोज जाऊ लागली. निघताना केस नीट करू लागली, हे सुनेच्या नजरेतून सुटलं नाही.

पण पहिल्याच दिवशी ती बाई कुत्रा घेऊन रस्त्यात आली होती.

दुसऱ्या दिवशी बस बाजारपेठेत थिजली. तिसऱ्या दिवशी शाळेसमोर. कधी नुसती थिजे, कधी थिजून काळी होई, कधी कॉम्प्युटर आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू होई आणि जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने स्वागत करी. दर वेळी अण्णा हात पसरत आणि दर वेळी आई म्हणे, "रविवार उजाडू दे."

सरांनी धीर सोडला नाही. त्यांनी गणिताची पद्धत लावली: एकेक शक्यता काढून टाकायची. रॅमची एक पट्टी काढली, मग ती घालून दुसरी काढली. वायर बदलली. सगळं सॉफ्टवेअर पुसून पुन्हा घातलं. त्यात शाळेच्या चाचणीच्या प्रश्नपत्रिकाही पुसल्या गेल्या आणि आठवीच्या वर्गात हा कॉम्प्युटर न बघताच लोकप्रिय झाला.

बातमी जिन्याने वर गेली. वरच्या मजल्यावर निवृत्त इंजिनिअर राहत. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले होते. पूल उभा राहतो तर कॉम्प्युटर का राहू नये, एवढ्या भांडवलावर ते खाली आले, कॅबिनेटवर टिचकी मारली आणि विचारलं, "पाया कसा आहे?"

"पाया?"

"विजेचा हो. दाब कमीजास्त होत असणार. आमच्याकडे मिक्सर लावला की तुमच्याकडे काय होतं?"

इंजिनिअर वर गेले. त्यांनी मिक्सर लावला. इकडे अण्णा बस चालवत राहिले. काहीही झालं नाही. इंजिनिअरांनी मिक्सर जास्त वेगाने लावला. मग ते खाली आले, तेव्हा त्यांच्या शर्टावर चटणी होती आणि मिक्सर जळाला होता. तो सरांच्या कॉम्प्युटरमुळेच जळाला, असं त्यांच्या पत्नीने पुढे बरेच दिवस मानलं.

सरांनी भाग विकणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलीने अतिशय गोड आवाजात विचारलं, "सर, आपला कॉम्प्युटर थिजतो की बंद पडतो?"

"आधी थिजतो, मग बंद पडतो."

"दोन्ही पर्याय एकदम निवडता येत नाहीत, सर. थिजण्याचा विभाग वेगळा आहे."

"मग थिजण्याचा द्या."

थिजण्याच्या विभागाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेवटी काय होतं?" सर प्रामाणिक. म्हणाले, बंद पडतो. "मग हे बंद पडण्यात येतं," असं म्हणून त्या विभागाने त्यांना पुन्हा त्या गोड आवाजाकडे पोचवलं. शेवटी दोन्ही विभागांचं एकमत झालं, की दोष पॉवर सप्लायमध्ये असावा, आणि तो दुसऱ्या कंपनीचा आहे. दुसऱ्या कंपनीच्या मते दोष मदरबोर्डचा होता. मदरबोर्डवाल्यांनी बिघाडाचा व्हिडिओ मागितला. सर मोबाइल धरून अण्णांच्या मागे उभे राहिले. कॅमेरा बघून अण्णांनी बस इतकी सावकाश, इतकी सभ्यपणे चालवली की मोबाइलची बॅटरी संपली. ती संपल्याबरोबर बस थिजली.

मग सरांनी कॅबिनेट चादरीत गुंडाळलं आणि रिक्षातून, मांडीवर घेऊन, दुरुस्तीच्या दुकानात नेलं. तिथल्या तंत्रज्ञाने ते उघडूनही पाहिलं नाही. वायरी लावल्या, कठीणातल्या कठीण चाचण्या चालू केल्या आणि तो जेवायला गेला. परत आला तेव्हा कॉम्प्युटर धावतच होता.

"एकदम ठणठणीत आहे, काका. घरी कोण वापरतं?"

"वडील."

"अच्छा," तंत्रज्ञ म्हणाला. त्या एका 'अच्छा'त जे काही होतं, ते सरांना रिक्षात बसल्यावर टोचलं. 'काका' तर आधीच टोचलं होतं.

त्याच संध्याकाळी सेक्रेटरी आले. त्यांच्या हातात सूचनेचा कागद होता. "सोसायटीच्या आवारात हॉर्न वाजवायला मनाई आहे."

"मी आवारात वाजवत नाही. घाटात वाजवतो," अण्णा म्हणाले.

"आवाज जिन्यात येतो."

"वळण आंधळं आहे. नाही वाजवला आणि समोरून कुणी आलं, तर जबाबदारी तुमची. लिहून देता?"

सेक्रेटरींनी पडद्याकडे पाहिलं. वळण खरंच आंधळं होतं. त्यांनी सूचनेत 'वळण वगळता' असं पेनाने घातलं आणि चहा घेऊन गेले.

पण सरांच्या डोक्यात एव्हाना प्रकाश पडायला लागला होता. बाई आणि कुत्रा. बाजारातला हमाल. शाळेतली मुलं. दर वेळी कुणीतरी रस्ता ओलांडत असतं! ते धावत वरच्या मजल्यावर गेले. इंजिनिअर मिक्सरच्या दुःखातून सावरत होते, पण सिद्धान्ताचं नाव काढताच उठून बसले.

"अगदी बरोबर. माणूस ही गुंतागुंतीची रचना आहे. हात, पाय, केस, कपड्यांच्या चुण्या. माणूस समोर आला की ग्राफिक्स कार्डावर भार येतो."

"आणि कुत्रा?" आईने विचारलं.

"कुत्रा म्हणजे तर केसच केस."

सरांनी सेटिंगमध्ये जाऊन पादचारी शून्यावर आणले. अण्णांनी बस काढली. बाजार ओस, शाळा ओस, स्टॉपवर चिटपाखरू नाही.

"संचारबंदी लागली का रे?"

"अण्णा, चाचणी आहे. चालवा."

"बसायला कुणी नाही, उतरायला कुणी नाही. मग मी जातोय कशाला?"

तरीही ते गेले. चौकात सिग्नल लाल झाला. अण्णांनी रिकाम्या गावातल्या रिकाम्या चौकात बस थांबवली, आणि ती थिजली. एकही केस आसपास नसताना.

"लाल रंग," इंजिनिअर सावकाश म्हणाले. पण त्यांचाही आवाज पडला होता.

आता उरली शेवटची पायरी: मशीन सरांनी स्वतः चालवून बघणं. ते स्टिअरिंगमागे बसले. अण्णा शेजारच्या खुर्चीत बसले, आणि त्यांनी छोटूचं वाहन चालवणं आयुष्यात पहिल्यांदाच लक्ष देऊन पाहिलं.

"सिग्नल होता."

"मी मशीन तपासतोय अण्णा, सिग्नल नाही."

"स्टॉप होता. माणसं हात करत होती."

"पुढची बस येईल त्यांना."

"म्हातारा होता!"

"चुकवला की."

"तू नाही चुकवलास. त्याने तुला चुकवलं."

सर शेवटच्या स्टँडला पोचले, तेव्हा बसचा एक आरसा लोंबत होता आणि प्रवासी माना घट्ट धरून बसल्यासारखे दिसत होते. कॉम्प्युटरने मात्र एकदाही डोळा मिटला नव्हता. मग सूनबाई बसली. तिने लांबूनच वेग कमी करत, कुणाला हिसका न देता बस घाट चढवून उतरवली आणि स्टँडात अलगद लावली. कॉम्प्युटर हूं की चूं नाही. अण्णा हळूच म्हणाले, "हिला आमच्या डेपोत घेतली असती."

छोटू चालवतो तेव्हा बंद पडत नाही. सूनबाई चालवते तेव्हा पडत नाही. दुकानात पडत नाही. उत्तर फळ्यावर आपोआप उमटलं होतं. गणिताच्या सरांना आयुष्यात प्रथमच ते पुसून टाकावंसं वाटलं.

"म्हणजे माझ्यातच काहीतरी आहे," अण्णा म्हणाले.

"नाही, नाही, अण्णा. तसं कुठे?"

पण ते 'नाही' असं होतं, की त्यापेक्षा 'हो' बरं.

शुक्रवारी अण्णा मशीनपाशी फिरकले नाहीत. ते खाली गेले, त्यांनी गाडी धुतली, चाकांतली हवा बघितली, काच वर्तमानपत्राने पुसली. सर खिडकीतून बघत राहिले. हवा बघायला खाली बसलेले अण्णा उठताना चाकाला धरून, मग दाराला धरून, मग फाटकाच्या त्या वाकड्या खांबाला धरून उठले. उठल्यावर त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कुणी बघितलं नाही ना म्हणून. सर खिडकीच्या पडद्याआड झाले. वर आईचा चमचा पेल्यात नुसता पडून होता. ती म्हणाली, "तुझ्या त्या डबड्याने माझं माणूस गप्प केलं रे, छोटू."

शनिवारी दुपारी सरांनी हात टेकले. अगदी शब्दशः. टेबलाखाली शिरायचं तर हात टेकावे लागतातच. एवढा उंच माणूस तेवढ्याशा जागेत शिरला, तेव्हा त्यांचे पाय स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. बायको ते ओलांडून ये-जा करू लागली. एखादी वायर सैल असेल, पिळली गेली असेल, तर प्रत्यक्ष चालू असतानाच ती पकडायची, असा सरांचा शेवटचा बेत होता.

"अण्णा, एकदाच चालवा. मी खाली आहे. माझ्यासाठी."

"कशाला? उद्या जाणारच आहे मी."

"अहो, पोर टेबलाखाली शिरलंय," आई म्हणाली. "चालवा थोडी."

बेचाळिशी ओलांडलेलं ते पोर कॅबिनेटला कपाळ टेकवून वायरींकडे टक लावून होतं. टिंग टिंग झालं. बस सुटली. खालून सरांना फक्त अण्णांचे पाय दिसत होते, मोजे घातलेले, शिस्तीत पेडलांवर ठेवलेले. वर आईचा आवाज ऐकू येत होता, "सावकाश हं, उतार आहे." गाव मागे गेलं. घाट लागला. अण्णांनी वळणावर हॉर्न वाजवला. आणि मग आई ओरडली, "अहो, मूल!"

अण्णांचा उजवा पाय खाली गेला. त्याबरोबर पेडलांची चौकट मागे सरकली, कॅबिनेटवर आदळली, आणि कॅबिनेट सरांच्या कपाळावर.

"आई गं!"

"थिजलं," आई वरून म्हणाली.

"थांबा!" टेबलाखालून आवाज आला. त्यात वेदना होती, पण त्याहून मोठा आनंद होता. "अण्णा, पुन्हा ब्रेक दाबा!"

"बंद आहे ते."

"बंद असू दे! दाबा!"

अण्णांनी दाबला. कॅबिनेट पुन्हा आलं. सरांनी यावेळी कपाळ बाजूला घेतलं, पण उशिरा. ते बाहेर आले तेव्हा कपाळावर टेंगूळ होतं आणि चेहऱ्यावर विजेत्याचं हसू. त्यांनी कॅबिनेटची बाजू उघडली. ग्राफिक्स कार्ड जागेवर बसवलेलं होतं, पण कॅबिनेटच्या चौकटीला स्क्रूने आवळलेलंच नव्हतं. नुसतं लोंबत होतं. हिसका बसला की हलायचं. व्हिडिओतल्या त्या हसतमुख तरुणाचा अंगठा नेमका त्या वेळी कॅमेऱ्यासमोर आला असणार. छोटूने सिग्नलला ब्रेकच दाबला नव्हता. सूनबाईने कधी जोरात दाबला नव्हता. दुकानात पेडलं नव्हती. आणि रस्त्यात कुणी आलं की बस जागच्या जागी उभी करणारा घरात एकच माणूस होता.

"म्हणजे दोष तुमचा नव्हताच, अण्णा!" सर कार्ड आवळता आवळता म्हणाले. "माझाच होता. तुम्ही फक्त ब्रेक जोरात दाबता. इतका जोरात की एवढं वजनी कॅबिनेट हलतं! इतका कशाला दाबायचा?"

"जोरात?" अण्णा म्हणाले. "जोरात कुठे? मी तर नुसता टेकवला."

सरांचा हात थांबला.

अण्णा खाली वाकून आपल्या पायाकडे बघत होते. त्यांनी तो पेडलावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग सरांच्या टेंगळाकडे बघितलं.

"हा एवढा मी मारला?"

"पेडलाने मारला, अण्णा."

"पेडल कुणी मारलं?" अण्णा म्हणाले. "मला समजलंच नाही रे छोटू. दाबला की टेकवला, समजलंच नाही."

सूनबाईने फ्रिजमधून बर्फ आणला आणि फडक्यात बांधून नवऱ्याच्या कपाळावर ठेवला. आईने अण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि मग त्याच हाताने चमचा उचलला.

"फेरी अर्धी राहिलीये," ती म्हणाली. "प्रवासी खोळंबलेत."

पेडलं भिंतीला टेकवली. पादचारी पुन्हा रस्त्यावर आणले. अण्णांनी आरसे बघितले. त्यांनी पहिल्या स्टँडपासून, नियमाप्रमाणे, पुन्हा सुरुवात केली. बाई कुत्रा घेऊन आली, तिला जाऊ दिलं. शाळेची मुलं आली, त्यांना जाऊ दिलं. त्यातलं एक रेंगाळलं, त्याच्यासाठी थांबले. ब्रेक दर वेळी कचकन लागत होता आणि पडद्यावरचे प्रवासी पुढे झुकत होते. दर वेळी अण्णा हळूच म्हणत, "पुन्हा जोरात गेला." इंजिनिअर बर्फाची चौकशी करायला आले होते, ते उभ्यानेच शेवटपर्यंत थांबले. बस घाट उतरली, शेवटच्या स्टँडात शिरली, फलाटाला लागली. कॉम्प्युटर चालू होता. पंखे निळे-जांभळे फिरत होते.

अण्णांनी आईपुढे हात पसरला. "किल्ली."

आईने सरांकडे पाहिलं. तिने कमरेची किल्ली काढून अण्णांच्या हातावर ठेवली. अण्णांनी ती मुठीत धरली, एकदा अंगठ्याने चाचपली.

"ठरलं ते ठरलं," ते म्हणाले. "मशीन चाललं. मी गाडी सोडली."

सरांनी बर्फ खाली ठेवला आणि गहिवरून हात पुढे केला.

"तुला नाही," अण्णा म्हणाले. "तुझं बघितलंय मी परवा. सूनबाई, धर."

"अण्णा! तो गेम होता!" सर म्हणाले. "खऱ्या रस्त्यावर मी कधी असं करत नाही!"

"करता," बायको म्हणाली, आणि किल्ली घेतली.

"वहिनी बरोबर म्हणतायत," इंजिनिअर म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी गाडी निघाली. सूनबाई स्टिअरिंगवर, शेजारी इस्त्रीचा शर्ट घातलेले अण्णा, मागे आई. तिच्या शेजारी सर, गुडघे हनुवटीपर्यंत आणि कपाळावर टेंगूळ. फाटकाच्या खांबाजवळून गाडी सुखरूप बाहेर पडली, तेव्हा गच्चीवरून बघणारे सेक्रेटरी आत गेले. घाटात पोचल्यावर सरांच्या लक्षात आलं, की प्रत्येक वळणाच्या जरा आधी अण्णांचा उजवा पाय खालच्या मॅटवर दाबला जातोय, आणि दर वेळी, नेमकी तेव्हाच, सूनबाई वेग कमी करतेय. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. सरही खिडकीबाहेर बघू लागले.

पण बघणार किती वेळ? पुढे एक ट्रक दिसला, रस्ता मोकळा होता, आणि सरांना राहवलं नाही. ते पुढे झुकले.

"अगं, काढ ना पुढे. आत्ता जागा आहे, उजवीकडून..."

अण्णांनी मान वळवली नाही. रस्त्यावरची नजरही हलवली नाही.

"प्रवाशांनी चालकाशी बोलू नये," ते म्हणाले.